हनोई : पहिली संध्याकाळ, पहिली पहाट

पायवाट

फेब्रुवारीत मी, नवरा आणि आई असे तिघं आठ दिवस हनोईला राहून आलो. आई ७२ वर्षांची. तिची ही पहिलीच परदेशवारी, आणि आम्हा दोघांचीही व्हिएतनामशी ओळख नकाशापुरतीच. हालाँगच्या खाडीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते शहरात पाऊल टाकल्यानंतरच्या पहिल्या बारा-चौदा तासांबद्दल. त्या तासांत आमचं मत जेवढं उलटंपालटं झालं, तेवढं पुढच्या आठवड्यात कधी झालं नाही.

विमानतळावरून ८६ नंबरची केशरी बस जुन्या शहरात येते, तिने आलो. हॉटेलात सामान टाकलं आणि अंधार पडता पडता जेवायला म्हणून खाली उतरलो. दाराबाहेरच अडकलो. फुटपाथवर चालायला जागाच नाही. ओळीने लावलेल्या स्कूटर, मध्ये वीतभर उंचीची लाल-निळी प्लास्टिकची स्टुलं, त्यांवर गुडघे छातीशी घेऊन जेवणारी माणसं, कोळशाच्या शेगडीवर भाजत असलेलं डुकराचं मांस आणि त्याचा डोळ्यांत जाणारा धूर. रस्त्यावर उतरावं तर दुचाक्यांचा लोंढा. झेब्रा पट्टे होते, पण त्यांच्यासाठी कोणी थांबत नव्हतं. एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुलं आणि फुलांनी डवरलेली पीचची भलीमोठी फांदी. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, नुकतंच होऊन गेलं होतं.

आईने माझं मनगट धरलं होतं. तिची पकड घट्ट होत गेली तशी मला तिची भीती कळत गेली. समोरच्या बाजूचं शाकाहारी जेवणाचं ठिकाण दिसत होतं, मध्ये जेमतेम वीस पावलांचा रस्ता. दहा मिनिटं तिथेच उभे राहिलो, मग नाद सोडला. हॉटेलशेजारच्या दुकानातून केळी आणि बिस्किटं घेतली आणि खोलीत परतलो. आई एवढंच म्हणाली, "आठ दिवस काय करायचं गं इथे?" मला रात्री झोप लागली नाही. हौसेपायी आईला कुठे आणून टाकलं, हाच विचार.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आमच्या हातातली केळी पाहिली होती. तिने न विचारता एका चिठ्ठीवर व्हिएतनामीत दोन ओळी लिहून दिल्या : आजी शाकाहारी आहेत, मांस, मासे, मासळीचा रस काही घालू नका. ती चिठ्ठी पुढे आठही दिवस आईच्या पर्समध्ये होती.

झोप आईलाही नव्हती. घड्याळात पाच वाजले (हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे आपले साडेतीन) तेव्हा तीच उठून बसली. "पडून कंटाळा आलाय, खाली तरी जाऊ." नवऱ्याला झोपू दिलं आणि आम्ही दोघी उतरलो.

तोच रस्ता, आणि एकही स्कूटर नाही. आदल्या रात्री जिथे उभं राहणं अशक्य होतं तो फुटपाथ धुऊन काढलेला. झिमझिम पाऊस, इतका बारीक की अंगावर पडतो ते कळत नाही, नुसता चष्मा धुरकटतो. दोन बायका खांद्यावर कावड घेऊन चालल्या होत्या, एका पारड्यात पालेभाजी, दुसऱ्यात संत्री. कावड हिंदकळू नये म्हणून त्या चालत नव्हत्याच, लहान लहान पावलं टाकत धावत होत्या. आई थांबून बघत राहिली. म्हणाली, "खांदा बदलताना बघ, पारडं जरासुद्धा हललं नाही."

पाच मिनिटांवर होआन किएम तळं. काठावर माणसांची गर्दी, आणि बहुतेक सगळी आईच्या वयाची. एका बाजूला कर्ण्यावर गाणं लावून पन्नास-साठ बायका एका तालात हात हलवतायत, दुसरीकडे लाल पंखे उघडून संथ कवायत, मध्येच कुणीतरी झाडाला पाठ आपटतंय. तळ्याच्या मध्यावर धुक्यात दगडी मनोरा. या तळ्याच्या नावाचा अर्थच 'परत केलेली तलवार'. पंधराव्या शतकात ले लोय या राजाने चिनी मिंग सैन्याला हुसकावल्यावर तळ्यातल्या सोनेरी कासवाने त्याच्याकडून दैवी तलवार मागून घेतली, अशी कथा. पंखेवाल्या घोळक्यातल्या एका बाईने आईला हाताने 'ये' केलं. आई आधी लाजली. मग शाल माझ्याकडे दिली आणि शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहिली. तिचे हात उलटसुलट जात होते, पण कोणी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परतताना कोपऱ्यावर एक चहावाली बसलेली. साठीची असेल. समोर दोन किटल्या, काचेचे पेले, चार स्टुलं. तिच्या शेजारी दुसरी बाई टोपलीत पिवळाजर्द भात घेऊन. त्याला 'सोय' म्हणतात, उच्चार अगदी आपल्या सोयीसारखा. हळद घालून वाफवलेला चिकट भात, त्यावर मूगडाळीच्या घट्ट गोळ्याचे सुरीने पातळ काप पाडायचे, वर कुरकुरीत तळलेला कांदा, आणि पानात पुडी. आईने चिठ्ठी दाखवली. भातवालीने वाचली, चमच्यातलं तेल परत भांड्यात ओतलं आणि जास्तीचा कांदा घातला. आदल्या दुपारनंतर आई पहिल्यांदा पोटभर जेवली, पहाटे सहाला, फुटपाथवर.

चहावाली आईला 'बा' म्हणत होती. हॉटेलातल्या मुलीने नंतर उलगडा केला. व्हिएतनामीत समोरच्याशी बोलताना नुसतं 'तू-तुम्ही' चालत नाही, नातं लावावं लागतं. थोरल्या बहिणीसारखी असेल तर 'ची', भावासारखा 'आन', आत्याच्या वयाची 'को', आजी 'बा', आजोबा 'ओंग'. हाक मारायची तर पुढे 'ओय' जोडायचं. आईला हे फारच आवडलं. भाषेतलं अक्षर कळत नसलेल्या गावात पहिल्याच सकाळी तिला आजी करून टाकलं होतं.

आणि उठताना रस्ता. तोवर सात वाजत आले होते, लोंढा सुरू झालेला. आई परत माझं मनगट शोधू लागली. चहावाली उठली, आईचा कोपर धरला, दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीकडे करून 'हळू, हळू' असं दाखवलं आणि सरळ रस्त्यात उतरली. थांबली नाही, धावली नाही, वेग बदलला नाही. स्कूटर दोन्हीकडून वळसा घालून जात राहिल्या, ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तशा. पलीकडे पोचल्यावर आई मागे वळून आम्ही आलो तो रस्ता बघत होती. चहावाली तशीच परत गेली.

चौथ्या दिवशी मी उठायच्या आत आई एकटी जाऊन सोय घेऊन आली होती.

तुमच्यापैकी जे हनोईला किंवा अशा अजिबात ओळख नसलेल्या शहरात जाऊन आलेत त्यांनी पहिल्या दिवसाबद्दल लिहा ना. कशामुळे बिचकलात आणि कशामुळे रुळलात, तेवढंच.

गवतफूल

ताई, काय सुंदर लिहिलंयस! मनगटाच्या पकडीचं वाचून गलबललं. आम्ही डिसेंबरात जायचं म्हणतोय. घरात सगळे पक्के शाकाहारी, म्हणून माझा पहिला प्रश्न जेवणाचाच. रोज सोय खाऊन कसं चालेल?

पायवाट

गवतफूल, 'आन चाय' हे दोन शब्द पाठ कर. अर्थ 'शाकाहारी जेवतो'. पाटीवर 'चाय' दिसलं की आत शिरायचं. हा बौद्ध परंपरेतला शाकाहार, त्यामुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी सगळं खाणारी माणसंही तिथे गर्दी करतात. आमची पौर्णिमा तिथेच आली. टोफू, मशरूम, कमळाचे देठ, फणसाची भाजी, केळफुलाची कोशिंबीर, आईची चंगळ झाली.

लपलेली गोष्ट म्हणजे 'नुओक माम', खारवलेल्या मासळीचा रस. मीठ घालावं तसा तो सगळीकडे घालतात, अगदी परतलेल्या पालेभाजीतही. आणि फो या सूपमधला रस्सा हाडांचाच असतो, वर भाज्या घातल्या तरी. त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. जे मांसाहारी आहेत पण गोमांस खात नाहीत त्यांनी 'बो' म्हणजे गाय-बैल आणि 'गा' म्हणजे कोंबडी हे लक्षात ठेवावं. सोयवर सोडतात ते तेलही बरेचदा कोंबडीच्या चरबीचं असतं, म्हणून ती चिठ्ठी.

चकमक

लेख छान, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथे असावा असं वाटतं.

आम्ही चार दिवस होतो आणि मला हनोई आवडलं नाही. हॉर्न सतत. फुटपाथ हा प्रकार नाहीच, लहान मुलाला घेऊन सगळा वेळ रस्त्याच्या कडेने चाललो. सायकलरिक्षाने जुन्या भागात फिरलो, आधी भाव ठरवला होता, उतरताना चालक म्हणाला तो माणशी होता. तिघांचे तिप्पट घेतले. रक्कम मोठी नव्हती, पण मुलासमोर भररस्त्यात आवाज चढवून बोलणं झालं, ते मनातून जात नाही. नंतर ह्युएला गेलो, नदीकाठचं शांत शहर, तिथे आम्हाला श्वास घेता आला. ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी हनोईला दोन दिवस द्यावेत आणि पुढे सरकावं.

पायवाट

चकमक, मनापासून लिहिलंत, बरं झालं. लहान मूल बरोबर असताना तो फुटपाथ वेगळाच दिसणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही कुठेही जायचं तर मोबाइल अ‍ॅपवरूनच गाडी बोलवायचो, भाडं आधीच पडद्यावर दिसतं. सायकलरिक्षा घ्यायचीच तर रक्कम आणि माणसांची संख्या दोन्ही कागदावर लिहून दाखवायची, असं हॉटेलवाल्यांनी सांगितलं होतं.

निवांत

रस्ता ओलांडण्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही आणि ती जिवावर बेतू शकते. व्हिएतनाममध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपली मान जन्माच्या सवयीने आधी उजवीकडे वळते. तिथे फुटपाथवरून उतरताच पहिलं वाहन डावीकडून येतं. मी पहिल्या दिवशी उजवीकडे बघत उतरलो आणि डावीकडून आलेल्या स्कूटरचा आरसा माझ्या कोपराला लागून गेला. त्यानंतर आठवडाभर प्रत्येक रस्त्याला स्वतःशी मोठ्याने 'डावी' म्हणून मगच पाऊल टाकत होतो. अर्थात उलट दिशेने येणारेही असतातच, त्यामुळे दुसरी नजर उजवीकडे हवीच.

चहावालीने दाखवलं ते शंभर टक्के बरोबर. तुमचा वेग सारखा असेल तर स्कूटरवाल्याला तुम्ही दोन सेकंदांनी कुठे असाल ते कळतं आणि तो तेवढा वळतो. तुम्ही दचकून थांबलात किंवा मागे सरकलात की त्याचा अंदाज चुकतो. मात्र मोटार आणि बस यांना वळसा घालता येत नाही. त्यांच्यासाठी थांबायचं.

आता गंमत बघा, याच शहरात एक जागा अशी आहे जिथे वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात. लाँग बिएन पूल. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये लाल नदीवर बांधलेला लोखंडी पूल. मधून रेल्वेचा एकेरी रूळ, दोन्ही कडांना दुचाकी आणि पायी जाणाऱ्यांसाठी अरुंद पट्टा. अमेरिकी विमानांनी तो १९६७ मध्ये आणि परत १९७२ मध्ये बाँबने तोडला, दर वेळी जोडून घेतला. मूळचे उंच कमानदार सांगाडे काही ठिकाणी उरलेत, मधले नाहीसे झालेत, ते अंतर चालताना डोळ्यांनी मोजता येतं. मी संध्याकाळी निम्म्या पुलापर्यंत चालत गेलो. पायाखालच्या काँक्रीटच्या लाद्यांच्या फटींतून खाली नदीतल्या बेटावरचे केळीचे मळे दिसत होते. तेवढ्यात गाडी आली. पूल हलतो. तळपायातून पोटरीत, पोटरीतून दातांत कंप येतो. मला त्या पुलावर हनोई आवडायला लागलं.

अक्षरवेडा

वाह निवांत! पायवाट, तुमच्या नातेवाचक शब्दांच्या परिच्छेदावर थोडी भर.

मला पहिल्या दिवशी फसवलं ते लिपीने. विमानतळावर रोमन अक्षरं दिसली आणि वाटलं, चला, निदान पाट्या तरी वाचता येतील. एकही वाचता आली नाही. अक्षरांच्या वर टोपी, खाली टिंब, बाजूला शेपूट, आणि ती नक्षी नव्हे, अर्धा शब्द तीच आहे. हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत. 'मा' हा एक उच्चार घ्या. सपाट म्हटला तर भूत. सूर चढवला तर आई (हा शब्द दक्षिणेकडचा). उतरवला तर 'पण'. बाकीच्या तीन सुरांत थडगं, घोडा आणि भाताचं रोप. मी फुलवालीला आभार मानत होतो आणि ती चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता घेऊन मी काय सांगतोय याची वाट बघत होती.

ही लिपी सतराव्या शतकात आलेल्या जेझुइट मिशनऱ्यांची. त्यांच्यातल्या आलेक्सांद्र द रोद यांचा व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन असा तीन भाषांचा कोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. त्याआधी चिनी अक्षरं आणि त्यांच्यावर बेतलेली 'नोम' लिपी चालायची. फ्रेंच काळात रोमन लिपी रुजली आणि जुनं वाचणारे सरत गेले.

याचा अर्थ मला वान मिएवमध्ये समजला. १०७० साली बांधलेलं कन्फ्युशियसचं मंदिर, शेजारी १०७६ पासूनचं राजविद्यालय. अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या ८२ शिळा, १४४२ ते १७७९ पर्यंतच्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेली. एक आजोबा नातीला घेऊन आले होते. नातीने बोट दाखवून काहीतरी विचारलं, आजोबांनी शिळेकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांनाही वाचता येत नव्हतं. आपल्याकडे पणजोबांचं मोडीतलं दप्तर उघडून बसल्यावर जे होतं, तेच. त्या क्षणी ती माणसं मला फार जवळची वाटली.

मृद्गंध

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं हनोईत काढली, त्यामुळे धागा वाचून जीव कासावीस झाला.

जुन्या भागाला 'छत्तीस गल्ल्या' म्हणतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त आहेत. बहुतेकींच्या नावात 'हांग' असतं, म्हणजे माल. पुढे त्या मालाचं नाव. हांग बाक चांदीची, हांग डुओंग साखरेची, हांग बुओम शिडांची. काही गल्ल्यांतून मूळ धंदा गेला, नाव उरलं. पण हांग थिएक, पत्र्याची गल्ली, अजून तशीच आहे. नकाशा न बघता कानाने सापडते. कारागीर फुटपाथवर मांडी ठोकून पत्रा कापतात, ठोकतात, दिवसभर तो टणटणाट. लान ओंग गल्ली नाकाने सापडते. अठराव्या शतकातल्या एका मोठ्या वैद्याच्या नावाची ही गल्ली, वाळवलेली मुळं आणि साली पोत्यांत भरून दारात ठेवलेल्या. मला पहिल्या महिन्यात पत्ते आठवायचे नाहीत, आवाज आणि वास आठवायचे, आणि त्यावर मी घरी पोचायचे.

माझ्या मनात रुतलेली गल्ली हांग मा. तिथे पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. कागदी नोटा, कोट, बूट, मोबाइल, अख्खी दुमजली घरं. पहिल्या आठवड्यात मला ती खेळण्यांची दुकानं वाटली आणि मी मुलासाठी एक कागदी मोटार उचलली. दुकानदारीण घाईघाईने पुढे आली आणि ती माझ्या हातातून काढून घेतली. ओरडली नाही. देव्हाऱ्यातल्या फोटोकडे बोट दाखवलं, मग उदबत्तीकडे, मग मुलाकडे बघून जोरजोरात मान हलवली. कळल्यावर माझे डोळे भरले, कारण माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी तिला माझ्या मोबाइलमधला बाबांचा फोटो दाखवला. तिने मला एक कागदी सदरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. सातव्या चांद्र महिन्यात, पौर्णिमेला, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी दारात पत्र्याचे डबे ठेवून कागद जाळले, त्यात मी तो सदरा दिला. तो महिना म्हणजे आपल्या पितृपक्षाच्या जरा आधीचा.

घरांबद्दल : बाहेरून दोन-तीन मीटर रुंद दुकान दिसतं, आत गेलं की बोगद्यासारखं घर लांबच लांब. मध्ये उघडा चौक, पाऊस आणि उजेड तिथून आत येतो. दुकानाच्या दर्शनी रुंदीवर कर असायचा म्हणून अशी घरं झाली असं तिथले लोक सांगतात. मा मे गल्लीत ८७ नंबरचं घर तिकीट काढून बघता येतं. आईंना चौकाची घरं आवडत असतील तर ते चुकवू नका.

दर्यावर्दी

मृद्गंध, कागदी सदऱ्याचं वाचून थांबलो जरा.

माझी भर छोटी. पश्चिम तळ्याकाठी चान क्वोक नावाचा बौद्ध विहार आहे, मूळ सहाव्या शतकातला. अंगणात बोधिवृक्ष आहे, १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भेट दिलेला. मला हे ठाऊक नव्हतं. सहा दिवस अनोळखी झाडं, अनोळखी पानं बघितल्यावर अचानक समोर पिंपळ. लांबट टोकाचं पान, वारा नसतानाही सळसळणारं. आपोआप चप्पल काढून उभा राहिलो. मागून एक तरुण भिक्षू आला, माझ्याकडे बघून विचारलं, "आन दो?" व्हिएतनामीत भारताला असं म्हणतात. मी मान डोलावली. त्याने झाडाकडे बोट केलं आणि परत म्हणाला, "आन दो."

बाकी, हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि सकाळीच उघडी असते. आम्ही शुक्रवारी जाऊन परत आलो.

गवतफूल

हा धागा म्हणजे खजिना झालाय. वाचनखूण साठवली. व्हिसा आणि पैसे यांबद्दल कोणी सांगेल का? आणि तिथलं चलन डाँग, त्याच्या लाखांच्या नोटांचा हिशेब कसा जमतो?

निवांत

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला. नाव पासपोर्टवर आहे अगदी त्याच क्रमाने, पूर्ण लिहा. मधलं नाव गाळल्यामुळे आमच्या गटातल्या एकांना अर्ज पुन्हा भरावा लागला.

पायवाट

पैशांबद्दल मी सांगते, कारण त्यात आमची चूक झाली होती. १० हजारांपासून वरच्या सगळ्या नोटा गुळगुळीत पॉलिमरच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. २० हजार आणि ५ लाख, दोन्ही निळसर. दिव्याखाली कळतं, पहाटेच्या अंधुक उजेडात नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने चहावालीला २० हजारांची समजून ५ लाखांची नोट दिली आणि आम्ही निघालो. ५ लाख ही त्यांची सर्वात मोठी नोट आहे. तळ्याच्या वळणापर्यंत पोचलो असू, मागून "बा ओय! बा ओय!" अशी हाक. ती चहाचं दुकान उघडं टाकून धावत आली होती. नोट आईच्या मुठीत कोंबली, नवऱ्याच्या पाकिटाकडे बोट केलं आणि २० हजारांची स्वतः काढून घेतली. सुट्टे पैसे कनवटीला होते, ते तिथेच मोजून परत दिले.

त्यानंतर आम्ही पाकिटात ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागलो. तूही तेच कर.

चकमक

पायवाट, हे वाचलं आणि रिक्षाची गोष्ट लिहिताना मी एक गाळलं ते आठवलं. त्याच संध्याकाळी मुलगा रडून रडून दमला होता. एका कॉफीच्या दुकानातल्या आजींनी त्याला मांडीवर घेतलं आणि कॉफी कशी फेसाळतात ते दाखवलं. अंड्याचा पिवळा बलक आणि गोड आटवलेलं दूध घोटून कॉफीवर घालतात, कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवतात. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई असताना हनोईत निघालेला प्रकार, असं त्यांच्या नातवाने सांगितलं. मुलगा अजून त्या आजींना विचारतो. शहर मला अजूनही जड वाटतं. पण हे लिहायला हवं होतं.

वाटसरू

सगळं एका बैठकीत वाचलं. मी नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन जातोय, तेव्हा हवा कोरडी आणि बरी असते असं ऐकलं. बाबांचे गुडघे दुखतात. ती वीतभर स्टुलं त्यांना जमतील का? आणि ताई, तुमच्या आईंनी कसं केलं?

पायवाट

वाटसरूदादा, स्टूल आईलाही जमत नव्हतं. बसता यायचं, उठता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी चहावालीने चार स्टुलं एकात एक घालून उंच केलं आणि त्यावर आईला बसवलं. नंतर आम्ही कुठेही हेच करायला लागलो, रचून मागायचं. कोणी नाही म्हणत नाही. पायऱ्यांचं मात्र बघा, जुन्या भागातल्या लहान हॉटेलांना लिफ्ट नसते आणि जिने उभे असतात, आधी विचारून घ्या. नोव्हेंबर उत्तम. आमच्या फेब्रुवारीत ओल इतकी होती की खोलीतल्या फरशीला पाणी सुटायचं आणि कपडे चार दिवस वाळले नाहीत.

वाटसरू

रचून मागायचं, लक्षात ठेवतो. ताई, तुमच्या चहावालीला काही द्यायचं असेल तर मी नेईन. जागा सांगा.

पायवाट

आईला विचारलं. ती लगेच उठली आणि कपाटातून फोटो काढून आणला. शेवटच्या सकाळी नवऱ्याने काढलेला, दोघी रचलेल्या स्टुलांवर, हातात पेले. दोन प्रती काढून ठेवल्या होत्या तिने, मला माहीतच नव्हतं. मागे मराठीत काहीतरी लिहिलंय, मला वाचू दिलं नाही.

तळ्याच्या उत्तर टोकाकडून जुन्या भागात शिरलं की डाव्या हाताचा दुसरा कोपरा, भातवालीच्या शेजारी. पाच ते नऊ असते, नंतर उठून जाते. तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, फोटो कुरिअर करते. आई म्हणतेय, देताना "बा" म्हणू नका, ती माझ्याहून लहान आहे, "को" म्हणा.